रेघबहाद्दरांस खुले पत्र

प्रति,
श्रीमान रेघबहाद्दर,
व्हाइटहॉल, लंडन.

महोदय,


आपले नाव मला माहीत नाही. ते कुणालाच कधी कळले नाही, आणि आपल्या दीर्घायुष्याचे गुपित तेच आहे. राजे आले आणि गेले, पार्लमेंटे बसली आणि उठली. कायद्यावर शिक्का कधी आठव्या हेन्रीचा होता, कधी दुसऱ्या एलिझाबेथचा. पण इंग्लंड आणि वेल्स यांच्या सरहद्दीवर पट्टी ठेवून शाईची रेघ ओढणारा हात मात्र पाचशे वर्षे एकच असला पाहिजे, अशी माझी खात्री झाली आहे. इतकी सातत्यपूर्ण गफलत वेगवेगळ्या माणसांच्या हातून होत नाही.

तिकडच्या काउंट्यांचे दुखणे मराठी माणसाने का उगाळावे, असे आपण विचाराल. सांगतो. आपण ज्या पट्ट्यात रेघा ओढत बसलात, त्याच पट्ट्यातून आमच्याकडे माणसे आली. रॉबर्ट क्लाइव्ह श्रॉपशायरमधला. श्रूजबरीच्या चौकात त्याचा पुतळा आजही उभा आहे. त्याचा मुलगा एडवर्ड हा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू त्यानंतर वेल्समधल्या पोविस किल्ल्यात जाऊन पोचला आणि अजून तिथेच आहे. हे एडवर्डसाहेब परत गेल्यावर पोविसचे अर्ल झाले. शिवाय ते श्रॉपशायरचेही लॉर्ड लेफ्टनंट होते आणि माँटगमरीशायरचेही. पहिली काउंटी इंग्लंडातली, दुसरी वेल्समधली. म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंचे मानाचे पान एकाच ताटात. तेव्हापासून आपल्या खात्याच्या कारभाराकडे माझे लक्ष आहे.

तर आपल्या कर्तबगारीचा आढावा घेऊ.

आपण कामावर रुजू होण्यापूर्वी या भागाची अवस्था भयंकर होती, असे आपल्या खात्यातर्फे सांगितले जाते. आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याने मातीचा लांबच लांब बांध घातला. पुढे नॉर्मन आले आणि सरहद्दीचे सरदार ठिकठिकाणी किल्ले बांधून बसले. त्यांच्या मुलखात इंग्लंडच्या राजाचे हुकूमनामे चालत नसत. न्यायालय सरदाराचे, दंड सरदाराचा, आणि फासावर चढवायचे की सोडायचे हेही सरदारच ठरवणार. जुलमी कारभार, यात शंका नाही. पण आपण कुणाच्या हद्दीत राहतो हे रयतेला समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे पाहून कळत असे. आपल्या आगमनानंतर तीही सोय गेली.

१५३६ मध्ये आपण पहिला हात दाखवलात. सरदारांच्या जहागिऱ्या मोडून मॉनमथ, ब्रेकनॉक, रॅडनर, माँटगमरी आणि डेन्बी अशा पाच नव्या काउंट्या निर्माण केल्यात. (मराठी वाचकांनी काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा समजावा. नेमका कुठला जिल्हा, हे पत्र संपेपर्यंत समजले नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. तिथल्या रहिवाशांचेही तेच होते.) उरलेल्यांतले काही तुकडे श्रॉपशायर, हेरफर्डशायर आणि ग्लॉस्टरशायर यांच्या पदरात टाकलेत. आणि वेल्सवर देखरेख करणारे कौन्सिल कुठे बसे? लडलोच्या किल्ल्यात. लडलो श्रॉपशायरमध्ये, म्हणजे इंग्लंडात. वेल्सचा कारभार वेल्सबाहेरून, ही झाली एक करामत. दुसरी अशी की त्याच कौन्सिलच्या हाताखाली श्रॉपशायर, हेरफर्डशायर, वूस्टरशायर आणि ग्लॉस्टरशायर या इंग्लिश काउंट्याही घातल्यात. त्या बिचाऱ्या ‘आम्ही इंग्लंडात आहोत, आम्हाला यातून सोडवा’ असे वर्षानुवर्षे ओरडत राहिल्या. कौन्सिल बंद झाले १६८९ मध्ये. खात्याच्या मानाने निकाल लवकरच लागला म्हणायचा.

पण आपली खरी कलाकृती म्हणजे मॉनमथशायर. १५३६ च्या कायद्यात आपण तिला वेल्सच्या नव्या काउंट्यांच्या रांगेत बसवलेत, पण पार्लमेंटात तिला इंग्लिश काउंटीप्रमाणे दोन सदस्य दिलेत. वेल्सच्या इतर काउंट्यांना एकेकच. १५४३ मध्ये वेल्सच्या बारा काउंट्यांसाठी नवी न्यायालये उभी केलीत, त्या बारांत मॉनमथशायर नाही. तिचे खटले वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांकडे. मग ती इंग्लंडात की वेल्समध्ये? या प्रश्नावर आपण चारशेहून अधिक वर्षे मौन पाळलेत. कायद्यांत, अहवालांत, नकाशांत ‘वेल्स आणि मॉनमथशायर’ असा जोडशब्द चालत राहिला, जणू मॉनमथशायर ही वेल्सकडे मुक्कामाला आलेली पाहुणी आहे. त्या काउंटीच्या कौन्सिलने बोधवाक्यही तसेच निवडले, ‘दोन्हींशी एकनिष्ठ’ अशा अर्थाचे. दुसरे काय निवडणार?

या मौनाची फळे चाखली ती दारू पिणाऱ्यांनी. १८८१ मध्ये वेल्समध्ये रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा झाला. मॉनमथशायरला तो लागू नव्हता. ग्लॅमॉर्गनमधल्या खाणकामगाराला रविवारी घसा ओला करायचा असेल तर ऱ्हिम्नी नदी ओलांडली की झाले. ही सोय चाळीस वर्षे टिकली. १९२१ मध्ये मॉनमथशायरलाही बंदी लागू झाली आणि ती काउंटी, निदान रविवारपुरती, वेल्समध्ये जमा झाली. उत्तरेकडे लानमनेख गावात आपली रेघ ‘लायन’ नावाच्या दारूच्या दुकानातूनच गेली होती. रविवारी वेल्समधला बार बंद आणि त्याच छपराखालचे इंग्लंडातले बार चालू. आपल्या रेघेचा सामान्य माणसाला इतका थेट फायदा होण्याचा तो दुर्मीळ प्रसंग. आपण तो हेतुपुरस्सर घडवला असता तर मी आपला जाहीर सत्कार सुचवला असता.

आता येऊ १ एप्रिल १९७४ कडे. तारीख आपणच निवडलीत. आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होते म्हणून, असे आपले म्हणणे. मान्य. त्या दिवशी १९७२ चा स्थानिक शासन कायदा अमलात आला आणि मॉनमथशायर वेल्समध्येच आहे हे आपण एकदाचे स्पष्ट केलेत. त्याच कायद्याने, त्याच दिवशी, मॉनमथशायर रद्द केलीत. चार शतके टांगून ठेवलेल्या माणसाला ‘तू आमचाच’ असे सांगायचे आणि त्याच वाक्यात त्याचे नाव काढून टाकायचे, याला विलक्षण हातोटी लागते. तिच्या जागी थोड्या फेरफारांसह ग्वेंट आली. माँटगमरी, रॅडनर आणि बहुतेक ब्रेकनॉक मिळून पोविस झाली. फ्लिंटशायरचा मेलर नावाचा तुकडा शतकानुशतके आपल्या काउंटीपासून तुटून श्रॉपशायर, चेशायर आणि डेन्बीशायर यांच्या मध्ये पडला होता. त्याला आपण आपल्या माणसांशी जोडले नाहीत. सगळ्यांनाच क्लुइड नावाच्या नव्या पेटीत कोंबलेत.

रेघेच्या अलीकडे हेरफर्डशायरला आपण वूस्टरशायरशी जोडलेत. लोकांनी ‘हेरफर्डशायरला हात लावू नका’ अशी मोहीम चालवली. हेरफर्डचा जातिवंत बैल व्हाइटहॉलच्या रस्त्यावरून मिरवत आणला. आपल्या खिडकीखालून गेला असणार तो. आपण पडदा सारलात आणि ‘हेरफर्ड आणि वूस्टर’ नावाची काउंटी जन्माला घातलीत. ती चोवीस वर्षे नांदली आणि १९९८ मध्ये पुन्हा दोन झाली. बैलाचे म्हणणे आपल्याला चोवीस वर्षांनी पटले. श्रॉपशायरचे तर नावच बदलून ‘सॅलप’ केलेत आणि १९८० मध्ये ते परत करावे लागले.

इथवरचे अपराध मी माफ केले असते. कारभाराच्या हद्दी बदलाव्या लागतात, हे मलाही कळते. रॅडनरशायरची लोकसंख्या वीस हजारांहूनही कमी होती. तेवढ्यासाठी स्वतंत्र शाळाखाते, स्वतंत्र रस्तेखाते आणि स्वतंत्र कौन्सिल चालवणे परवडत नाही, हा हिशेब चुकीचा नाही. पण पुढे आपण जे केलेत ते हिशेबात बसत नाही, आणि हे पत्र मुळात त्यासाठी आहे.

लोक चिडले हे आपल्या लक्षात आले. तेव्हा आपण एक जुनाच तोडगा काढलात. आमच्याकडे राजवटी बदलल्या की जहागीर खालसा व्हायची, पण पालखीचा मान चालू राहायचा. पालखीत बसणाऱ्याच्या हाती काही उरत नसे, पण गावात निघाला की लोक मुजरा करत. तीच युक्ती आपण अख्ख्या काउंट्यांवर चालवलीत. कारभाराची काउंटी वेगळी आणि समारंभाची काउंटी वेगळी. १९९७ च्या कायद्याने इंग्लंडात समारंभाच्या काउंट्यांची यादीच करून टाकलीत. वेल्समध्ये १९७४ च्या आठ काउंट्यांची कौन्सिले १९९६ मध्ये बरखास्त करून बावीस नव्या संस्था आणल्यात, आणि त्या आठ काउंट्या ‘जतन’ केल्यात. कशासाठी? मुख्यतः लॉर्ड लेफ्टनंट नेमण्यासाठी.

हा लॉर्ड लेफ्टनंट म्हणजे राजाचा प्रतिनिधी. राजघराण्यातले कुणी आले की स्वागताला उभा, मानपदके द्यायची असली की हजर. पगार नाही, वयाच्या पंचाहत्तरीला निवृत्ती. त्याच्या जोडीला हाय शेरीफ. मखमली कोट, गळ्याला लेस, कमरेला तलवार. त्याची नेमणूक करताना राजा चर्मपत्रावरच्या नावाशेजारी टोच्याने भोक पाडतो. या दोघांपैकी एकालाही आपल्या काउंटीतल्या रस्त्यावरचा खड्डा बुजवता येत नाही, पण राजाच्या टोच्याने चर्मपत्राला भोक मात्र नियमितपणे पडते.

आता या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडा. न्यूपोर्टचा माणूस घ्या. त्याचा कचरा उचलणार न्यूपोर्टची नगरसंस्था. त्याचे पोलीस ग्वेंटचे, त्याचा लॉर्ड लेफ्टनंटही ग्वेंटचा, पण ग्वेंटचे कौन्सिल १९९६ मध्येच संपले. त्याची आजी सांगणार, आपण मॉनमथशायरचे. मॉनमथशायर नावाची संस्था आज आहे खरी, पण ती जुन्या काउंटीचा पूर्वेकडचा भाग तेवढा सांभाळते आणि न्यूपोर्ट तिच्यात नाही. म्हणजे ज्या नावात त्याचे गाव नाही ते नाव जिवंत आहे, आणि ज्या नावात त्याचे गाव आहे ते पोलिसांपुरते आणि समारंभापुरते उरले आहे. चेशायरमध्ये २००९ पासून सबंध काउंटीचे असे कौन्सिलच नाही, पण लॉर्ड लेफ्टनंट आहे. टेलफर्ड १९९८ पासून कामाला वेगळे आणि मानाला श्रॉपशायरमध्ये. आणि कळस म्हणजे, ज्या काउंट्या आपण ‘जतन’ केल्यात त्यांच्याही हद्दी २००३ मध्ये दुरुस्त केल्यात, कारण कॉन्वी आणि केरफिली या नव्या संस्था जुन्या रेघांवर नीट बसत नव्हत्या. पालखीसुद्धा आपण कापून लहान-मोठी केलीत.

तारखांबद्दलही एक बारीकशी विनंती आहे. १९७४ चा बदल १ एप्रिलला. वेल्सचा १९९६ चा बदल १ एप्रिलला. हेरफर्डशायरची सुटका १ एप्रिल १९९८ ला. चेशायर आणि श्रॉपशायरचा २००९ चा बदल पुन्हा १ एप्रिलला. या सगळ्या एक एप्रिलांपैकी सर्वांत समंजस मला वाटतो तो १ एप्रिल १९७७. त्या दिवशी सरहद्दीवरच्या हे-ऑन-वाय या गावी रिचर्ड बूथ नावाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने गाव स्वतंत्र झाल्याचे घोषित केले आणि स्वतःला राजा करून घेतले. आपला घोडा त्याने पंतप्रधान नेमला. लोक हसले, पुस्तके घ्यायला आले, आणि तेवढेसे गाव जुन्या पुस्तकांसाठी जगभर ओळखले जाऊ लागले. खऱ्या राणीच्या सरकारने २००४ मध्ये या खोट्या राजाला पर्यटनाच्या सेवेबद्दल पदकही दिले. एका दिवसात, एकाही अध्यादेशाशिवाय त्याने जे गावाला मिळवून दिले, ते आपल्या चार एक एप्रिलांना मिळून जमलेले नाही.

आपण म्हणाल, सरहद्दीचा भाग मुळातच गुंतागुंतीचा, त्याला रेघ काय करणार? महोदय, गुंतागुंत लोकांना कधीच जड गेली नाही. नाइटन गाव वेल्समध्ये आहे आणि त्याचे रेल्वे स्टेशन इंग्लंडात. गावकरी गाडी पकडायला रोज परदेशी जातात आणि संध्याकाळी मायदेशी परततात. ऑफाच्या बांधाच्या वाटेने २८५ किलोमीटर चालणारे वाटसरू वीसहून अधिक वेळा सीमा ओलांडतात आणि त्यांचे काही अडत नाही. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथचा पिनकोड इंग्लंडातल्या श्रूजबरीचा आहे, तरी पत्रे पोचतात. ओस्वेस्ट्रीच्या मैदानावर ‘द न्यू सेंट्स’ हा फुटबॉल संघ इंग्लंडात खेळून वेल्सची लीग जिंकतो आणि कुणी हरकत घेत नाही. लोक मिसळून राहतात. अडचण येते ती आपली रेघ अंमलबजावणी करायला उठते तेव्हा.

चेस्टरच्या फुटबॉल क्लबला विचारा. त्यांच्या स्टेडियमचे प्रवेशद्वार आणि कार्यालय इंग्लंडात, मैदान वेल्समध्ये. वर्षानुवर्षे चेंडू सुखाने सीमेपलीकडे लाथाडला गेला. मग करोना आला. इंग्लंडात प्रेक्षकांना मुभा होती, वेल्समध्ये बंदी होती. क्लबने आपला इंग्लिश पत्ता पाहून दोन हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर सामने भरवले आणि जानेवारी २०२२ मध्ये वेल्सच्या पोलिसांनी ताकीद दिली. तिकीट इंग्लंडात फाडायचे आणि गुन्हा वेल्समध्ये घडायचा. औषधांचेही तसेच. १ एप्रिल २००७ पासून (हो, तीच तारीख) वेल्समध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे मोफत झाली. इंग्लंडात अनेकांना त्यांचे पैसे पडतात. म्हणजे आता ही रेघ नकाशातून उतरून खिशात शिरली आहे. अशा वेळी माणूस विचारतो, की माझ्या बाजूचे निर्णय कोण घेतो, आणि कुणाला जाब विचारायचा? आपण त्याला मखमली कोटातल्या गृहस्थाचा पत्ता देता.

आणि कृपा करून ‘लोकांना विचारले तर गोंधळ वाढेल’ असे सांगू नका. रेघ कुठून जावी हे लोकांना विचारल्याचे एक उदाहरण आपल्याच दप्तरात आहे. वेल्समधले चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे व्हायचे होते. ते वेगळे झाले १९२० मध्ये. त्याआधी, पहिले महायुद्ध चालू असताना, सीमेवर पसरलेल्या १९ पॅरिशांमधल्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, रहिवाशांना विचारण्यात आले, तुम्हाला कुठे जायचे? १८ पॅरिशांनी इंग्लंडचे चर्च निवडले, एका पॅरिशने वेल्सचे. ज्यांनी जे मागितले त्यांना ते मिळाले. दंगल झाली नाही, बैल लंडनला न्यावा लागला नाही, चोवीस वर्षांनी निर्णय फिरवावा लागला नाही. शंभर वर्षे झाली, ती रेघ अजून कुणाला बोचत नाही. सरहद्दीच्या माणसाला आपण कोण आहोत हे ठाऊक असते. ते त्याला परगावच्या टेबलावरून शिकवावे लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या दोनच. एक, कारभाराची हद्द हलवायची असेल तर आधी तिथल्या माणसांचे मत घ्या, आणि घेतलेत तर पाळा. दोन, ज्यांची संस्था काढून घ्याल त्यांना मोबदल्यात समारंभ देऊ नका. लॉर्ड लेफ्टनंट खुशाल ठेवा, तलवारी खुशाल पाजळा, चर्मपत्राला हवी तेवढी भोके पाडा. पण त्याला लोकांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणू नका.

हे आपल्याला जमत नसेल, तर निदान पट्टी आणि दौत खाली ठेवून स्वस्थ बसा. या सरहद्दीला पाचशे वर्षांत सर्वांत कमी त्रास झाला तो आपण सुट्टीवर असताना.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला,
रेघेच्या दोन्ही बाजूंचा एक हितचिंतक